बिल्ड यशस्वी, वेलांटी भलतीकडे: ओपनटीटीडी सोर्समधून बांधतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ओपनटीटीडी हा रेल्वे, रस्ते, जहाजे आणि विमाने यांचा वाहतूक-व्यवसाय उभा करण्याचा खुला खेळ आहे. ख्रिस सॉयर यांच्या १९९५ मधील ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’ या खेळाची लुडविग स्ट्रिगियस यांनी केलेली ही नवी बांधणी २००४ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली आणि आजही ती जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली विकसित होत आहे. संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिखित मजकूर, सी++ या भाषेत असून बांधणीसाठी, म्हणजे त्या कोडपासून चालणारा खेळ तयार करण्यासाठी, सीमेक हे साधन वापरले जाते. खेळातील सगळा मजकूर भाषावार मजकूर-फाइलींमध्ये ठेवलेला आहे, आणि बांधणीच्या सुरुवातीलाच तयार होणारे ‘स्ट्रजेन’ नावाचे छोटे साधन त्या फाइलींपासून खेळाला वाचता येतील असे भाषासंच बनवते.

या भाषांमध्ये मराठीही आहे, परंतु ती ‘अपूर्ण’ भाषांच्या वेगळ्या फोल्डरात. तेथील भाषा नेहमीच्या बांधणीत घेतल्या जात नाहीत, त्यामुळे तयार डाउनलोड केलेल्या खेळात मराठी निवडायची सोयच नसते. ज्याला आपले भाषांतर प्रत्यक्ष पडद्यावर पाहायचे आहे, त्याला खेळ सोर्स कोडमधून स्वतः बांधावा, म्हणजेच कंपाइल करावा लागतो, आणि येथे वर्णन केलेली घटना नेमकी त्या गरजेतून घडली.

पश्चिम महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने हे भाषांतर पुढे नेण्याचे काम हाती घेतले होते. मजकूर तपासण्याची जबाबदारी एका निवृत्त मराठी शिक्षकांनी स्वीकारली होती. सर संगणकावर फारसे काम करत नसत, म्हणून ती खेळातील पडद्यांची चित्रे काढून त्यांना पाठवणार आणि ते छापील मुद्रितांप्रमाणे त्यांवर खुणा करून परत देणार, अशी पद्धत ठरली. तिच्याकडे उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली असलेला साधारण क्षमतेचा लॅपटॉप होता आणि क्यूटी क्रिएटर हा आयडीई (कोड लिहिण्याचे आणि बांधण्याचे एकत्रित साधन) तिला महाविद्यालयातील प्रकल्पांमुळे परिचयाचा होता. बांधायची खेळाची आवृत्ती १४.१ होती.

पहिला निर्णय: लायब्रऱ्या कोणत्या बसवायच्या

खेळाच्या कंपाइल करण्याच्या सूचनांमध्ये लायब्रऱ्यांची, म्हणजे खेळ वापरत असलेल्या इतरांच्या तयार कोडसंचांची, यादी आहे आणि प्रत्येकीपुढे तिचे काम एका ओळीत दिलेले आहे. त्याच सूचनांत असेही म्हटले आहे की यांपैकी कोणतीही लायब्ररी अपरिहार्य नाही, मात्र काही नसतील तर जुने किंवा नवे जतन केलेले खेळ उघडणार नाहीत, किंवा जास्तीची सामग्री उतरवून घेता येणार नाही. वसतिगृहातील इंटरनेट मोजून-मापून वापरावे लागत असल्यामुळे विद्यार्थिनीने सगळी यादी न बसवता, आयडीई जी मागेल ती लायब्ररी बसवायची, असे ठरवले. असे करणारी ती एकटी नाही. बहुतेक जण हेच करतात, आणि बहुतेक वेळा ते निभावूनही जाते.

सीमेकची मुख्य फाइल क्यूटी क्रिएटरमध्ये उघडून तिने प्रकल्प कॉन्फिगर केला. पहिल्याच फेरीत लाल त्रुटी आली, कारण सूचना काहीही म्हणत असल्या तरी लिनक्सवर खेळाची खिडकी उघडण्यासाठी एसडीएल२ किंवा अलेग्रो यांपैकी एक लायब्ररी असावीच लागते आणि ती नसेल तर सीमेक पुढे जातच नाही. तिने एसडीएल२ चे डेव्हलपमेंट पॅकेज बसवले आणि त्रुटी गेली. त्याबरोबर समस्यांच्या चौकटीत एक पिवळी सूचनाही होती, तिचा आशय असा: हार्फबझ आणि आयसीयू या लायब्रऱ्या नसल्यामुळे उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा खेळाला नीट दाखवता येणार नाहीत.

विद्यार्थिनीने ही सूचना दुर्लक्षित केली नव्हती, हे येथे नोंदवायला हवे. तिने ती वाचली, लायब्रऱ्यांच्या यादीत जाऊन पडताळली, आणि तेथेही हार्फबझ व आयसीयू यांच्यापुढे अरबी आणि फारसी यांचीच उदाहरणे दिलेली पाहिली. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, तेव्हा या दोन लायब्रऱ्या आपल्यासाठी नाहीत, हा तिचा निष्कर्ष समोरच्या मजकुरावरून पूर्णपणे तर्कसंगत होता. शिवाय आयसीयू उबुंटूवर आधीच असते, असेही तिला वाटले. ते खरे आहे, पण अर्धेच. चालू प्रोग्रामना लागणारी लायब्ररी यंत्रावर असणे आणि कंपायलरला लागणाऱ्या हेडर फाइली असलेले डेव्हलपमेंट पॅकेज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीमेक शोधते ती दुसरी.

बांधणी पूर्ण झाली, एकही त्रुटी न येता.

अडचण कशी पुढे आली

अडचण एकदम दिसली नाही. ती तीन थरांत आली, आणि पहिले दोन थर सुटल्यामुळे तिसऱ्याचे कारण ओळखायला उशीर झाला.

पहिल्यांदा खेळ सुरूच झाला नाही. चित्रसंच सापडत नसल्याचा संदेश देऊन तो बंद पडला. सोर्स कोडबरोबर मूळ चित्रे येत नाहीत, ती ओपनजीएफएक्ससारख्या स्वतंत्र मुक्त संचातून घ्यावी लागतात. खेळाच्या पूर्ण बांधणीत अशा वेळी एक छोटी खिडकी उघडून संच उतरवून देण्याची सोय होते, परंतु त्या खिडकीतील अक्षरे काढायला फाँट लागतो आणि लिनक्सवर फाँट वाचण्याचे काम फ्रीटाइप करते. ते या बांधणीत नव्हते. विद्यार्थिनीने ओपनजीएफएक्स हाताने उतरवून आपल्या होम फोल्डरातील खेळाच्या जागी ठेवले आणि खेळ उघडला. लक्षण गेले, पण फ्रीटाइप नसल्याची बातमी मात्र तशीच राहिली.

दुसऱ्या टप्प्यात तिने मराठीची फाइल अपूर्ण भाषांच्या फोल्डरातून मुख्य फोल्डरात हलवली, भाषांच्या यादीत तिचे नाव घातले आणि पुन्हा बांधणी केली. भाषा निवडल्यावर मराठी मजकुराच्या जागी सर्वत्र प्रश्नचिन्हे उमटली आणि सध्याच्या फाँटमध्ये या भाषेतील काही अक्षरे नाहीत, असा इंग्रजी इशारा आला. खेळाचा स्वतःचा चित्ररूप फाँट देवनागरी जाणत नाही, त्यामुळे येथे बाहेरचा फाँट शोधायला फाँटकॉन्फिग आणि तो वाचायला फ्रीटाइप लागतेच. इशारा नेमका असल्यामुळे उपायही लगेच सापडला. दोन्ही डेव्हलपमेंट पॅकेजे बसली, बांधणी पुन्हा झाली आणि पडद्यावर देवनागरी आली.

तिसरा थर तिने पाहिला, पण तिला तो अडचण म्हणून जाणवला नाही. भाषांतर अपूर्ण असल्याने मेनूंमध्ये निम्मे इंग्रजी आणि निम्मे मराठी दिसत होते, अक्षरे बारीक होती, आणि इतक्या खटपटीनंतर मराठी उमटली हेच पुष्कळ होते. तिने चित्रे काढून सरांकडे पाठवली.

सरांनी ती परत पाठवली तेव्हा जवळजवळ प्रत्येक ओळीवर लाल खुणा होत्या. ‘किंमत’ या शब्दातील वेलांटी ‘क’च्या आधी न येता ‘म’ला जाऊन चिकटली होती. ‘स्थानक’, ‘रेल्वे’, ‘व्याज’ या शब्दांतील जोडाक्षरे सुटी होऊन पाय मोडलेल्या अक्षरांसारखी दिसत होती. ‘मार्ग’मधला रफार गायब होऊन तेथे हलन्त ‘र’ उभा होता. सरांनी सोबत लिहिले होते की मजकूर लिहिणाऱ्याला शुद्धलेखनाची प्राथमिक ओळखही दिसत नाही आणि तो मुळापासून नव्याने लिहिणे बरे. आधीच्या भाषांतरकारांवर हा अन्याय होता. परंतु समोर जे दिसत होते, त्यावर कोणीही मुद्रितशोधक हेच म्हणाला असता.

कोणते पर्याय समोर होते

या टप्प्यावर माझ्याशी सल्लामसलत झाली आणि चार मार्ग चर्चेत आले.

पहिला मार्ग असा की मजकूर पडद्यावर बरोबर दिसेल अशा रीतीने फाइलीतच बदलायचा, म्हणजे ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर टाकायचा. ही सूचना सरांकडूनच आली, आणि ती विचित्र वाटत असली तरी तिच्यामागे मोठा अनुभव होता. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी किंवा आकृती यांसारख्या फाँटांमध्ये हजारो मराठी पुस्तके अशाच पद्धतीने जुळवली गेली, कारण तेथे साठवला जाणारा मजकूर हा दिसणाऱ्या आकारांच्या क्रमाने असे. युनिकोडमध्ये मात्र मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवतात आणि आकारांची जुळणी करणे हे दाखवणाऱ्या प्रोग्रामचे काम असते. हा मार्ग स्वीकारला असता तर मराठी तिच्या लॅपटॉपवर कदाचित वाचता आली असती, परंतु विंडोजवर, जेथे हा खेळ यंत्रणेच्या युनिस्क्राइबकडून जुळणी करून घेतो, आणि मॅकवरही, तोच मजकूर मोडून पडला असता. सगळ्या पर्यायांत हा सर्वांत धोकादायक होता, कारण त्याने बिघाड प्रोग्राममधून काढून मजकुरात मुरवला असता.

दुसरा मार्ग फाँट बदलण्याचा. तो करून पाहायला स्वस्त होता, म्हणून तिने लोहित आणि नोटो हे दोन्ही देवनागरी फाँट लावून पाहिले. अक्षरांची वळणे बदलली, चुका तशाच राहिल्या. यातून एक उपयोगी माहिती मिळाली ती अशी की दोष कोणत्याही एका फाँटाचा नाही.

तिसरा मार्ग होता उबुंटूच्या भांडारातून तयार खेळ बसवून त्यात फक्त मराठीचा भाषासंच उचलून ठेवण्याचा. तयार पॅकेज सर्व लायब्रऱ्यांसह बांधलेले असते, हा त्यामागचा विचार योग्यच होता. अडचण अशी की प्रत्येक भाषासंचावर मूळ इंग्रजी मजकुराच्या रचनेवरून काढलेला एक खूणक्रमांक असतो आणि तो जुळला नाही तर खेळ तो संच यादीतच घेत नाही. उबुंटू २२.०४ मधले पॅकेज १२ मालिकेतले आणि तिची फाइल १४ मालिकेची, तेव्हा हा मार्ग बंद होता.

चौथा मार्ग म्हणजे खेळ अक्षरे कशी मांडतो, हे सोर्स कोडमध्येच जाऊन पाहणे. यात वेळ किती जाईल हे सांगता येत नव्हते आणि महाविद्यालयाची परीक्षा तोंडावर होती, त्यामुळे विद्यार्थिनीची पहिली पसंती याला नव्हती.

निर्णयाआधीची एक चाचणी

मार्ग निवडण्यापूर्वी एक साधा प्रश्न सोडवणे आवश्यक होते: चूक मजकुरात आहे की दाखवण्यात? तिने मराठीची भाषाफाइल क्यूटी क्रिएटरच्या संपादकातच उघडली. तेथे ‘किंमत’ आणि ‘स्थानक’ अगदी नीट दिसत होते, कारण क्यूटी स्वतःची आकारजुळणी करते. एकाच यंत्रावर, एकाच फाँटमध्ये, एकच मजकूर एका खिडकीत बरोबर आणि दुसरीत चूक दिसतो, एवढ्यावरून मजकूर निर्दोष ठरला. पहिला मार्ग तेथेच बाद झाला, आणि सरांना तसे कळवल्यावर त्यांनी आपल्या खुणा मागे घेतल्या.

ही चाचणी करायला फारसा वेळ लागत नाही. तरीही ती चित्रे पाठवण्याआधी सुचली नाही, कारण त्या वेळी तिच्या दृष्टीने बांधणी यशस्वी होती आणि संशय घ्यावा अशी जागा उरली नव्हती.

प्रत्यक्ष कृती

सोर्स कोडमध्ये मजकुराच्या मांडणीची फाइल उघडताच उत्तर बरेचसे समोर आले, आणि ते आयडीईमुळे आले. क्यूटी क्रिएटर सध्याच्या बांधणीत समाविष्ट न होणारा कोड करड्या रंगात दाखवतो. मांडणीच्या फंक्शनमध्ये एकामागून एक पर्याय होते: विंडोजसाठी युनिस्क्राइब, मॅकसाठी कोअरटेक्स्ट, आयसीयू आणि हार्फबझ दोन्ही असतील तर त्यांची जोडी, आणि यांपैकी काहीच नसेल तर शेवटचा आधार म्हणून ठेवलेली एक साधी मांडणी. शेवटची सोडून बाकी सगळा कोड करडा होता. ती साधी मांडणी एकेक युनिकोड चिन्ह घेऊन त्याचा आकार आधीच्या चिन्हापुढे ठेवते, एवढेच करते. इंग्रजीला ते पुरते. देवनागरीला पुरत नाही, कारण वेलांटी मागे नेणे, दोन व्यंजने जोडणे आणि रफार वर चढवणे हे त्या मांडणीच्या गावीच नसते.

काम दोन्ही लायब्रऱ्यांमध्ये वाटलेले आहे, हेही तेथेच कळले. आयसीयू मजकुराचे दिशा आणि लिपी यांनुसार तुकडे पाडते, हार्फबझ त्या प्रत्येक तुकड्यासाठी फाँटमधील योग्य आकार निवडून जुळवते. एकटे हार्फबझ बसवून भागत नाही. आयसीयूकडे पूर्वी स्वतःचे आकारजुळणीचे इंजिन होते, परंतु ते ५८व्या आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

याच कोडच्या आसपास आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलकी बाब तीच आहे. या दोन लायब्रऱ्यांशिवाय बांधलेल्या खेळात कोणी अरबी निवडली, तर खेळ स्वतःच स्पष्ट सांगतो की ही बांधणी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या भाषा दाखवू शकत नाही, आयसीयू आणि हार्फबझ घेऊन पुन्हा कंपाइल करा. तो इशारा देण्यापूर्वीची तपासणी मात्र केवळ भाषेची दिशा पाहते. मराठीची दिशा डावीकडून उजवीकडे असल्यामुळे तपासणीतून ती सुखरूप पार होते आणि खेळ काहीच न बोलता चुकीची अक्षरे काढत राहतो. सूचनापत्र, सीमेकचा इशारा आणि खेळातील इशारा या तीनही ठिकाणी दिशेचाच उल्लेख असल्याने, मराठी वापरणाऱ्याला सावध करणारे एकही वाक्य तिच्या वाटेत नव्हते.

पुढचे काम सरळ होते. हार्फबझ आणि आयसीयू यांची डेव्हलपमेंट पॅकेजे बसवली. जुन्या कॅशविषयी शंका राहू नये म्हणून बांधणीचे फोल्डर पूर्ण पुसून नवे केले. या वेळी कॉन्फिगर होताना येणारा सर्व मजकूर तिने ओळ न् ओळ वाचला आणि प्रत्येक लायब्ररी सापडल्याची खात्री झाल्यावरच बांधणी सुरू केली. त्याच ओघात बांधणीचा प्रकारही बदलला. काही सांगितले नाही तर हा खेळ डीबग, म्हणजे चुका शोधायला सोयीच्या, प्रकारात बांधला जातो आणि तो साधारण लॅपटॉपवर जाणवण्याइतका मंद चालतो, म्हणून केवळ पाहण्यासाठी लागणारी बांधणी तिने ऑप्टिमाइझ केलेल्या, म्हणजे वेगाने चालणाऱ्या, प्रकारात केली.

परिणाम

नव्या बांधणीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे योग्य जागी आली. तिने एक छोटी कसोटीची ओळही तयार केली: ‘ऱ्हस्व’, ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘क्षेत्र’, ‘ज्ञान’, ‘किंमत’, ‘मार्ग’. यांतील अर्धा ‘ऱ’ मराठीपुरता महत्त्वाचा, आणि आकारजुळणी चालू असूनही फाँट अपुरा असेल तर पहिल्यांदा तोच बिघडतो. भाषाफाइलीतील एका निरुपद्रवी वाक्यात ही ओळ तात्पुरती घालून दोन फाँट पारखले गेले आणि त्यांतून एक निवडला गेला.

सरांची दुसरी तपासणी पुष्कळ सौम्य निघाली. खऱ्या चुका उरल्या होत्याच: काही ठिकाणी क्रियापदांची रूपे विसंगत होती, ‘स्टेशन’ आणि ‘स्थानक’ यांची सरमिसळ होती, रकमांच्या आधीचे शब्द अडखळवणारे होते. या दुरुस्त्या तिने सोर्स कोडमधील फाइल बदलून पाठवल्या नाहीत. या खेळाची भाषांतरे स्वतंत्र वेब साधनातून घेतली जातात आणि तेथूनच सोर्स कोडमध्ये येतात, त्यामुळे तिच्या लॅपटॉपवरची हलवलेली फाइल आणि यादीतली वाढीव ओळ ही केवळ पाहण्यापुरती राहिली.

नकाशावरील छोट्या पाट्यांमध्ये मराठी वाचायला अजून कष्ट पडतात. लहान आकारातील मात्रा आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. खेळाच्या सेटिंग्जच्या फाइलीत लहान फाँटचा आकार वाढवून तिने तात्पुरती सोय केली आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्याच दिवशी सूचनापत्रातील पूर्ण यादी बसवली असती तर यातले काहीच घडले नसते, हे उघड आहे. वाचलेला डेटा नंतर पुन्हा पुन्हा केलेल्या बांधण्या आणि चित्रांच्या देवाणघेवाणीत खर्च झालाच. तरीही ‘सगळे बसवा’ हा सल्ला मी पुरेसा मानत नाही. यादीतील प्रत्येक लायब्ररी नसेल तर खेळातील काय जाईल, हा प्रश्न आपल्या कामापुरता विचारणे अधिक उपयोगाचे आहे. जुने जतन केलेले खेळ तिला उघडायचेच नव्हते, त्यासाठीची लायब्ररी नसल्याने काहीही बिघडले नाही.

दुसरा मुद्दा लाल आणि पिवळ्या रंगांचा. आयडीई त्रुटीला थांबवते आणि इशाऱ्याला जाऊ देते, त्यामुळे ‘एसडीएल२ नाही’ आणि ‘हार्फबझ नाही’ या सारख्याच स्वरूपाच्या बातम्यांना वेगवेगळे वजन मिळाले. वास्तविक तिच्या कामासाठी दुसरी बातमी अधिक महत्त्वाची होती.

तिसरा मुद्दा तपासणाऱ्याच्या बाजूचा आहे. सरांना चित्रांबरोबर मूळ मजकुराची छापील प्रतही दिली असती तर पडद्यावरची चूक आणि लेखनातली चूक त्यांनी स्वतःच वेगळी केली असती. आता तीच पद्धत ठेवली आहे.

सूचनापत्रातील आणि सीमेकच्या इशाऱ्यातील वाक्यात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांबरोबर देवनागरीसारख्या, अक्षरांचे आकार जुळवाव्या लागणाऱ्या लिप्यांचाही उल्लेख असावा, असा दुरुस्तीचा मसुदा विद्यार्थिनीने लिहून ठेवला आहे. खेळातील तपासणीही बदलावी की नाही, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. दिशेऐवजी लिपी पाहायची तर प्रत्येक भाषाफाइलीत लिपीची नवी नोंद लागेल, आणि केवळ एका इशाऱ्यासाठी सगळ्या भाषांच्या फाइलींना हात लावणे तिला पटत नाही. मला वाटते की भाषासंच वाचताना अक्षरांचा युनिकोड पट्टा पाहूनही तेवढे काम भागेल. परीक्षा संपल्यावर ती दोन्ही पद्धती करून पाहणार आहे.